पिवळ्या पुस्तिकेमागचा माणूस : मॅक्स टायलर

ज्यांच्या घरातले कोणी नोकरीधंद्यासाठी नैरोबी, कंपाला, दारेसलाम अशा गावी गेले असेल, त्यांना एक पिवळी पुस्तिका ठाऊक असते. गोव्यातील कितीतरी घराण्यांत ती पासपोर्टाबरोबर ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेली असे. तिच्यात एका लशीची नोंद, तारीख आणि सरकारी शिक्का. प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी ती लस टोचून घेतली नसेल, तर परत येताना मायदेशाच्या बंदरात किंवा विमानतळावर अडकून पडण्याची पाळी येई. ही लस पीतज्वराची. ती टोचून घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तिच्या कर्त्याचे नाव ऐकले असेल. ते नाव मॅक्स टायलर. या लशीसाठी १९५१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि आफ्रिकेत जन्मलेला पहिला नोबेल मानकरी हा मान त्यांच्याकडे आला.

मॅक्स यांचा जन्म ३० जानेवारी १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे झाला. आईवडील स्वित्झर्लंडचे. वडील आर्नोल्ड टायलर हे गुरांचे डॉक्टर. १८९१ साली नशीब काढायला आफ्रिकेत आले आणि थोड्याच दिवसांत शेतावरच्या कडबा कापण्याच्या यंत्रात त्यांचा डावा हात गेला. एका हाताचा गुरांचा डॉक्टर कोण बोलावणार! पण माणूस खचला नाही. जोहान्सबर्गच्या खाणीत देवीची साथ आली तेव्हा त्यांनी लस तयार करून दिली. पुढे १८९६ मध्ये बुळकांडीने त्या देशातील लाखो गुरे मारली तेव्हाही ते त्याच कामाला लागले. (बुळकांडी आपल्या शेतकऱ्यांनाही पिढ्यान्पिढ्या परिचयाची होती. ती २०११ मध्ये साऱ्या जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले.) त्यांच्या चार मुलांपैकी मॅक्स हे शेंडेफळ. बहीण गर्ट्रूड पुढे गोचिडांची नामांकित अभ्यासक झाली. लस, रोग आणि प्रयोगशाळा या घरात रोजच्या बोलण्यातल्याच गोष्टी होत्या.

मॅक्स केपटाऊनला दोन वर्षे वैद्यकी शिकले आणि १९१९ मध्ये लंडनला गेले. तिथे विद्यापीठाने केपटाऊनची ती दोन वर्षे मानायला नकार दिला. तेव्हा त्यांनी सेंट थॉमस इस्पितळात शिक्षण पुरे करून वैद्यकीचा परवाना मिळवला आणि उष्ण प्रदेशातील रोगांचा छोटा अभ्यासक्रम केला. एम.डी. ही पदवी त्यांना कधीच मिळाली नाही. रोग्यापुढे उभे राहून औषध नसल्याचे सांगत राहणे त्यांच्या स्वभावाला मानवणारेही नव्हते. रोगाचे मूळ शोधण्याकडेच त्यांचा ओढा. १९२२ मध्ये ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या उष्णप्रदेशीय रोगांच्या विभागात अँड्र्यू सेलार्ड्स यांच्या हाताखाली लागले.

पीतज्वर म्हणजे काय, हे आपल्याकडे समजावून सांगावे लागते, कारण देवाच्या कृपेने तो हिंदुस्थानात कधी पसरला नाही. प्रथम कडक ताप, अंगदुखी, ओकारी. तीनचार दिवसांनी बरे वाटते आणि बहुतेक रोगी त्यातूनच उठतात. पण काहींना पुन्हा ताप चढतो, यकृत निकामी होऊन डोळे व कातडी पिवळी होतात, पोटात रक्तस्राव होऊन काळी ओकारी होते. या दुसऱ्या अवस्थेला पोचलेल्यांपैकी निम्मे दगावतात. पश्चिम आफ्रिकेचा किनारा अशा तापांसाठी इतका बदनाम होता की त्याला गोऱ्या माणसांचे स्मशान म्हणत. ज्या बासेल मिशनने धारवाड-हुबळीकडे मंडळ्या स्थापन केल्या आणि मंगळुरी कौले आपल्या घरांवर चढवली, त्याच मिशनने १८२८ मध्ये चार तरुण अक्रा शहराजवळ पाठवले होते. वर्षाच्या आत तिघे गेले आणि तिसऱ्या वर्षी चौथाही. १८३२ मध्ये आणखी तिघे गेले. त्यांतले दोघे लवकरच मरण पावले आणि त्यांतला एक तर डॉक्टर होता. कोण मलेरियाने गेला व कोण पीतज्वराने, हे सांगण्याचे साधन त्या काळी कोणाकडेच नव्हते.

क्यूबाचे कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये डासाकडे बोट दाखवले होते आणि १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या तुकडीने हवाना येथे ते सिद्ध केले. पण डासाच्या पोटात असते तरी काय? या प्रश्नाचे उत्तर १९१८ मध्ये मिळाले असे जगाला वाटले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील हिदेयो नोगुची यांनी दक्षिण अमेरिकेतील रोग्यांच्या रक्तात एक नागमोडी जंतू दिसल्याचे जाहीर केले. नोगुची म्हणजे जपानच्या खेड्यातील गरीब घरचा मुलगा. तान्हेपणी डावा हात भाजून अधू झालेला. स्वतःच्या कष्टावर जगप्रसिद्ध झालेला. त्यांच्या शब्दाला वजन होते. त्यांच्या जंतूपासून लसही निघाली आणि ती लोकांना टोचलीही जाऊ लागली.

सत्तावीस वर्षांच्या टायलर यांनी सेलार्ड्स यांच्याबरोबर तो जंतू तपासायला घेतला. १९२६ मध्ये दोघांनी दाखवून दिले की तो जंतू उंदरांच्या मुतातून माणसाला होणाऱ्या एका वेगळ्याच काविळीचा आहे. पावसाळ्यात मुंबई-कोकणात लोक ज्या आजाराला नुसते ‘लेप्टो’ म्हणतात, तोच हा. दोन्ही आजारांत डोळे पिवळे होतात, म्हणून रोग्यांची निवड चुकली होती. लिहायला हे दोन ओळींचे काम आहे. पण ज्याच्या पाठीशी मोठी संस्था, मोठे नाव आणि तयार लस आहे, त्याची चूक एका पदवी नसलेल्या तरुणाने छापून काढायची, ही गोष्ट साधी नव्हती.

त्याच वर्षी हार्वर्डची एक मोहीम लायबेरियात गेली आणि तिथून बेल्जियन काँगो ओलांडत पूर्वेकडे निघाली. टायलर तिच्यात होते. गावोगावी रक्त तपासणे, रोगांची नोंद करणे असे ते काम. जन्मभूमीच्या खंडातील रोगराई त्यांनी जवळून पाहिली ती या प्रवासात. नंतरचे आयुष्य मात्र प्रयोगशाळेच्या चार भिंतींत गेले.

ते आफ्रिकेच्या जंगलातून हिंडत असताना खरी झुंज त्यांच्यापासून शेकडो मैलांवर चालू होती. रॉकफेलर फाउंडेशनचे पीतज्वर पथक नायजेरियात लागोसजवळ तळ देऊन होते. नोगुचींचा जंतू त्यांना एकाही रोग्यात सापडत नव्हता. आफ्रिकेतील माकडांना रोग्याचे रक्त टोचले तरी ती ठणठणीत राहत. मग पथकाने आशियातील माकडे मागवली. त्यांत ऱ्हीसस जातीची, म्हणजे ग्वाल्हेर-इंदूरकडे स्टेशनांवर हातातली केळी पळवणारी तांबड्या तोंडाची माकडेही होती. ३० जून १९२७ रोजी गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशातील क्पेवे या गावी असिबी नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या आफ्रिकी माणसाच्या अंगात थोडा ताप होता. पथकातील डॉ. माहाफी यांनी त्याचे रक्त घेतले. ते एका ऱ्हीसस माकडाला टोचताच काही दिवसांत माकड पीतज्वराने पडले. इतकी वर्षे हुलकावणी देणारा रोग अखेर प्रयोगशाळेत आला. रक्तातील सारे जंतू अडवणाऱ्या बारीक गाळणीतूनही तो पार होत होता. म्हणजे तो जंतू नव्हे, विषाणू होता.

असिबी बरा झाला. त्याच्या रक्तातील तो विषाणू मात्र माकडातून माकडात नेऊन जिवंत ठेवला गेला. त्याचे पुढे काय झाले, तेच या लेखाचे कारण आहे.

हे काम करणारे डॉ. एड्रियन स्टोक्स आयर्लंडचे. सप्टेंबरमध्ये त्यांना प्रयोगशाळेतच हा रोग जडला. आजारपणात त्यांनी आपले रक्त माकडांना टोचायला लावले आणि आपल्या अंगावर डास सोडून घेतले, म्हणजे माकडाचा आणि माणसाचा रोग एकच, हे सिद्ध व्हावे. १९ सप्टेंबर १९२७ रोजी ते वारले. वय चाळीस. ही बातमी ऐकून आणि आपल्या जंतूवर सगळीकडून होत असलेली टीका सहन न होऊन नोगुची स्वतः अक्रा येथे आले. सहा महिने त्यांनी रात्रंदिवस माकडांवर प्रयोग केले. २१ मे १९२८ रोजी तेही पीतज्वरानेच गेले. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. विल्यम यंग यांनी त्यांची शुश्रूषा केली होती; नऊ दिवसांनी यंगही गेले. पुढील दोन वर्षांत या संशोधनातील आणखी दोन डॉक्टर, एक ब्राझीलमध्ये व एक नायजेरियात, याच रोगाला बळी पडले. नोगुचींची चूक टायलर यांनीच दाखवली होती हे खरे, पण आपली चूक तपासायला मृत्यूच्या दारात जाणाऱ्या माणसाबद्दल लिहिताना लेखणी जरा थबकते.

इकडे हार्वर्डमध्ये वेगळीच अडचण होती. माकडे महाग, आणि ती हाताळणे धोक्याचे. एक प्रश्न सोडवायचा तर पाचपंचवीस माकडे लागत. टायलर यांच्या मनात आले की पांढरा उंदीर का नको? कातडीखाली टोचून उंदरांना काही होत नाही हे माहीत होते. म्हणून त्यांनी विषाणू उंदराच्या थेट मेंदूत टोचला. उंदीर मेले, पण यकृताच्या नव्हे, मेंदूच्या विकाराने. सेलार्ड्स यांना हा पीतज्वर आहे हे पटेना. उंदरांना मुळात दुसराच काही रोग असेल, असा त्यांचा संशय. टायलर यांनी निरनिराळ्या कसोट्या लावल्या आणि १९३० मध्ये आपल्या एकट्याच्या नावाने छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. ज्या वरिष्ठाबरोबर नोगुचींना चुकीचे ठरवले, त्याच वरिष्ठाशी आता वेगळे व्हावे लागले. दरम्यान १९२९ मध्ये प्रयोगशाळेतच त्यांना स्वतःलाही पीतज्वर झाला. सुदैवाने तो सौम्य होता. त्यातून उठल्यावर मात्र ते या रोगापासून जन्माचे सुरक्षित झाले. वर्षभरापूर्वीच लिलियन ग्रॅहम यांच्याशी त्यांचा विवाह झालेला. त्या घरी कोणत्या काळजीत ते दिवस काढले असतील, याची नोंद संशोधनाच्या पुस्तकात कुठून असणार!

१९३० साली रॉकफेलर फाउंडेशनने त्यांना न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत घेतले. स्वस्तातल्या उंदराने तिथे मोठे काम केले. कोणत्याही माणसाच्या रक्तजलात विषाणू मिसळून उंदराला टोचावा; उंदीर जगला तर त्या माणसाला पूर्वी कधीतरी पीतज्वर होऊन गेला आहे, मेला तर नाही. या कसोटीने सेनेगलपासून पूर्वेला सुदान-युगांडापर्यंत हजारो लोकांचे रक्त तपासले गेले, आणि जिथे हा रोग कधी ऐकलाही नव्हता तिथल्या माणसांच्या रक्तात त्याच्या खुणा सापडल्या. रोग जंगलातील माकडांत लपून राहत होता. सुदानमधील नुबा डोंगरांत अशा खुणा आढळल्या होत्या. १९४० मध्ये तिथेच साथ फुटून १५ हजारांवर माणसे आजारी पडली आणि १,६०० हून अधिक मेली.

साथ कुठे येईल हे कळू लागले, पण अडवणार कशाने? मेलेल्या विषाणूने संरक्षण मिळत नव्हते. जिवंत हवा, पण विषारीपणा गेलेला. टायलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असिबीच्या रक्तातला विषाणू घेतला आणि तो काचेच्या भांड्यात प्रथम उंदराच्या गर्भाच्या पेशींवर, मग कोंबडीच्या अंड्यातील गर्भाच्या पेशींवर वाढवायला सुरुवात केली. चारपाच दिवसांनी एका भांड्यातून दुसऱ्यात. पुन्हा दुसऱ्यातून तिसऱ्यात. जणू घरात रोज विरजण मोडून नवे दही लावावे, तसे हे वर्षानुवर्षे चालले. एका शाखेत त्यांनी कोंबडीच्या गर्भाचा मेंदू व मज्जारज्जू काढून टाकून उरलेल्या पेशी वापरल्या. ही शाखा म्हणजे ‘१७-डी’. एकोणनव्वदाव्या आणि एकशे चौदाव्या फेरीच्या दरम्यान केव्हातरी विषाणूचा स्वभाव बदलला. माकडाला टोचला तर त्याचे यकृत बिघडेना, मेंदूतही तो फारसा त्रास देईना, आणि माकड मात्र खऱ्या रोगापासून सुरक्षित होई. नेमका कोणत्या दिवशी हा बदल झाला हे त्यांना सांगता आले नाही. मुद्दाम तसाच बदल पुन्हा घडवून आणण्याचा प्रयत्न केला, तोही जमला नाही. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही.

१९३७ मध्ये टायलर व ह्यू स्मिथ यांनी ही लस जाहीर केली. स्मिथ ती घेऊन ब्राझीलला गेले आणि १९३८ अखेर तिथे दहा लाखांवर लोकांना ती टोचली गेली.

इथेच कथा संपवली तर ऐकायला गोड वाटेल, पण खरी होणार नाही. त्या काळी लस टिकावी म्हणून तिच्यात निरोगी माणसांचे रक्तजल घालीत. कोणाच्या रक्तात काविळीचा दुसराच विषाणू, ज्याला आज आपण हेपटायटिस-बी म्हणतो, लपलेला असेल याची कल्पना नव्हती. ब्राझीलमध्ये लस घेतलेल्यांना कावीळ होऊ लागली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी १९४० मध्ये रक्तजल घालणे बंद केले. न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेने बंद केले नाही. १९४२ मध्ये अमेरिकेचे सुमारे ५० हजार सैनिक काविळीने अंथरुणाला खिळले आणि काही दगावले. नंतरच्या तपासात लागण झालेल्यांचा आकडा ३ लाखांवर गेला. असिबीच्या विषाणूचा त्यात दोष नव्हता. दोष त्यात मिसळलेल्या रक्ताचा होता, आणि धोक्याची सूचना वेळेवर न मानणाऱ्यांचा. त्याच वर्षी रक्तजलाशिवाय लस होऊ लागली. ब्राझीलमध्येच आणखी एक गोष्ट लक्षात आली होती. फेऱ्या वाढत गेल्या की विषाणू पुन्हा बदलतो आणि काहींच्या मेंदूला सूज येते. तेव्हापासून ठरावीक फेरीचे बियाणे गोठवून ठेवून प्रत्येक नवी लस त्यातूनच करण्याची शिस्त आली.

फ्रेंच पश्चिम आफ्रिकेत निराळी लस चालू होती. ती उंदराच्या मेंदूत वाढवलेली, म्हणजे टायलर यांच्याच उंदरांच्या शोधातून निघालेली, आणि सेलार्ड्स हे तिच्या कर्त्यांपैकी एक होते. तिने तिकडचा पीतज्वर पुष्कळ आटोक्यात आणला. पण तिच्यामुळे मुलांना मेंदूज्वर होई, म्हणून १९८२ मध्ये ती बंद पडली. १७-डी उरली.

नोबेलच्या सुमारास टायलर यांच्याकडे न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेची मुख्य जबाबदारी आली. रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने तेव्हा देशोदेशी विषाणूंची केंद्रे उघडत होती. त्यांतलेच एक १९५२ साली आपल्या पुण्यात सुरू झाले. या केंद्रांत सापडलेले अनोळखी विषाणू ओळख पटवायला न्यूयॉर्कला जात. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसेही तापाने पडली, तेव्हा पुण्याच्या शास्त्रज्ञांच्या पोटात गोळाच आला. आफ्रिकेतला पीतज्वर हिंदुस्थानात शिरला की काय? डास इथे होतेच, माकडे होतीच, आणि संरक्षण कोणालाच नव्हते. तो पीतज्वर नव्हता. पीतज्वराच्याच कुळातला, पण गोचिडीमार्फत पसरणारा नवा विषाणू निघाला. हाच आपला माकडताप. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गच्या दोडामार्गाकडे आला, हे त्या भागातील वाचकांना सांगायला नकोच.

स्वतः टायलर बुटके, अबोल, आणि हातात सतत सिगारेट असलेले गृहस्थ होते. इतिहास व तत्त्वज्ञान वाचीत, कादंबऱ्यांच्या वाटेला जात नसत, आणि ब्रुकलिनच्या बेसबॉल संघाचे कट्टर चाहते होते. १९६४ मध्ये ते येल विद्यापीठात प्राध्यापक झाले. ज्याला पदवी नाही अशाला प्राध्यापक करताना नोबेलचा उपयोग झाला असावा! ११ ऑगस्ट १९७२ रोजी न्यू हेवन येथे ते वारले. विल्बर डाउन्स यांच्याबरोबर लिहिलेला डासगोचिडींच्या विषाणूंवरील त्यांचा मोठा ग्रंथ पुढच्या वर्षी बाहेर पडला. तो त्यांना पाहता आला नाही.

त्यांची लस आजही कोंबडीच्या अंड्यांतच वाढवतात, त्यामुळे एकदम हवी तितकी मिळत नाही. १९६० ते ६२ या काळात इथिओपियात लस पोचण्याआधीच सुमारे ३० हजार माणसे मेल्याचा अंदाज आहे. २०१६ मध्ये अंगोलातून साथ काँगोत पसरली, तेव्हा साठा अपुरा पडला. मग किन्शासा शहरात एका मात्रेचे पाच भाग करून ७० लाखांवर लोकांना टोचले, आणि तेवढ्याने साथ थांबली. त्याच वर्षापासून पिवळ्या पुस्तिकेचा नियमही बदलला. पूर्वी दर दहा वर्षांनी लस पुन्हा घ्यावी लागे, आता एकदा घेतली की ती जन्मभर चालते. जुनी पुस्तिका घरात असेल तर टाकून देऊ नये, तीही ग्राह्य आहे.